कळमन्यातला मंगळवार आणि त्यानंतरचं यूव्ही

१८ जून २०२४. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका आडत्याकडे नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यावर माझा भावांचा रिपोर्ट काढणारा पायथनचा प्रोग्राम बसवायचा होता. अर्ध्या तासाचं काम म्हणून निघाले. इन्स्टॉल सगळं बिनबोभाट झालं आणि प्रोग्राम सुरू करताच कोसळला: कुठल्याशा रचनेचा आकार ९६ हवा होता, ८८ मिळाला. कूलर गरम हवा फेकत होता आणि शेठ विचारत होते, "काहून ताई, जुन्यावर तं चालून राहिलं ना?"

जुन्यावर चालणारच, तिथे नमपाय (NumPy, आकडेमोडीची पायथन लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं पॅकेज) १.२६ होतं. रविवारी, १६ तारखेला, नमपाय २.० आलं होतं. माझ्या प्रोग्रामला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत नुसतं नाव लिहिलेलं, आकडा नाही. मी वापरते ती दुसरी एक जुनी लायब्ररी म्हणत होती, 'नमपाय १.२० किंवा त्यापुढचं'. २.० हे पुढचंच की! पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिपने सांगितलं तेच केलं, २.० बसवलं, आणि ती जुनी लायब्ररी त्याच्याशी जुळली नाही. चूक माझी होती, पण ती मला कळमन्यात, गिऱ्हाईकासमोर कळली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूव्हीत (uv, पिपचंच काम करणारं नवं साधन) लॉकफाइलची, म्हणजे बसवायच्या आवृत्त्या पक्क्या लिहून ठेवणाऱ्या फाइलची, सोय पक्की झाली आणि मी तिकडे वळले. रस्ट भाषेत लिहिलेलं, ॲस्ट्रल कंपनीचं. सगळे त्याच्या वेगाचं कौतुक करतात. वेग आहे, खोटं नाही. मला मात्र ती लॉकफाइल हवी होती. मी मागितलेली पाच पॅकेजेस, त्यांनी ओढून आणलेली तीसेक, प्रत्येकाची नेमकी आवृत्ती आणि हॅश (फाइल तीच आहे हे ओळखायचा ठसा), सगळं त्यात उतरतं. पोत्यावर वजन आणि शिक्का दोन्ही असावं तसं. 'यूव्ही सिंक' म्हटलं की तेवढंच बसतं, आणि लॉकमध्ये नसलेलं काही आधीपासून पडलेलं असेल तर तेही काढून टाकतं. पिपने एक पॅकेज काढलं तर त्याने आणलेली पिल्लावळ घरातच राहते. माझ्या जुन्या मशीनवर कोण कशासाठी आलंय हे मलाच आठवेना.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे नकार द्यायची पद्धत. आवृत्त्यांची जुळणी करायला यूव्ही पबग्रब नावाची पद्धत वापरतं. ही पद्धत मूळची डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरची. कुठे अडलं ते ती लक्षात ठेवते, त्यामुळे शेवटी सरळ सांगते: अमक्याला नमपाय २ च्या आतलं हवं, तुम्ही २ च्या पुढचं मागितलंय, म्हणून जमणार नाही. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रामची पॅकेजेस ठेवायच्या जागेत) नमपाय एकच. त्यामुळे इथे भांडण मिटवावंच लागतं, आणि मिटवायचं तर ते कोणाचं आहे ते तरी कळायला हवं.

आता कुरकुर. 'यूव्ही ॲड' केलं की फाइलमध्ये 'इतक्याच्या पुढचं' असं लिहिलं जातं, वरची मर्यादा नाही. मला हे पटतं. पुढची आवृत्ती मोडेल की नाही हे आज कोणाला ठाऊक? कुलूप लावायचं ते शेवटच्या प्रोग्रामने, लायब्ररीने नव्हे. पण कुणी लॉकफाइल बाजूला ठेवून पिपने बसवलं की पुन्हा कळमना. शिवाय यूव्हीचा लॉक त्याच्या स्वतःच्या साच्यात आहे. दुसऱ्याला द्यायचा तर एक्स्पोर्ट करावा लागतो.

डिस्कचंही एक आहे. विंडोजवर यूव्हीचा कॅशे (उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा) सी ड्राइव्हवर, माझं काम डी वर. दोन ड्राइव्हमध्ये हार्डलिंक (एकच फाइल, कॉपी न करता दोन जागी दिसणं) होत नाही, मग यूव्ही इशारा देऊन सगळ्या फाइली कॉपी करत बसतं. कॅशेची जागा डी वर हलवली, गप्प झालं.

आणि ओव्हरराइड, म्हणजे पॅकेजची अट डावलणं. आलेखांची एक लायब्ररी नमपाय २ ला नाही म्हणत होती. मी तपासलं, चालत होती. यूव्हीत एका ओळीत तिचं म्हणणं डावलता येतं. सोय मोठी, पण त्या ओळीपुरतं यूव्ही डोळे मिटतं आणि जबाबदारी तुमच्यावर. मी शेजारी तारीख आणि 'नवी आवृत्ती आली की काढ' असं लिहून ठेवलंय. ती आवृत्ती कधीच आली. ओळ तिथेच आहे.