टाउन्स व्हॅन झँट: आधी १९६९चा अल्बम की ‘ओल्ड क्वार्टर’?

‘पँचो अँड लेफ्टी’ हे गाणं १९८३ साली विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या गायकांनी अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. ते लिहिणारा टेक्ससचा टाउन्स व्हॅन झँट (१९४४–१९९७) स्वतः मात्र कधीच खपाचा गायक नव्हता. त्याचे चाहते मोजके, पण कट्टर आणि सल्ला द्यायला कायम तयार. नव्या माणसाने ‘याचं पहिल्यांदा काय ऐकू?’ विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’ हा प्रत्यक्ष कार्यक्रमाचा अल्बम सांगतात. थोडे लोक १९६९चा, त्याच्याच नावाचा स्टुडिओ अल्बम पुढे करतात. मी या थोड्यांतला. का, ते सांगतो. पण तुमचा कान वेगळा असेल तर बहुमतच बरोबर ठरेल, हेही खरं.

वाद समजायचा तर त्याआधीचा, १९६८चा पहिला अल्बम ‘फॉर द सेक ऑफ द साँग’ माहीत हवा. गाणी उत्तम, पण नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्यांच्यावर इतका घुमारा आणि साज चढवला की माणूस मागे राहिला आणि सजावटच पुढे आली. टाउन्सलाही ते पटलं नव्हतं. म्हणून १९६९च्या अल्बममध्ये त्यातली चार गाणी त्याने पुन्हा, साधेपणाने गायली. तेव्हा ‘सजावट नको’ हा आग्रह मुळात त्याचाच. चाहत्यांनी पुढे तो टोकाला नेला आणि एक माणूस, एक गिटार याखेरीज काही चालेनासं झालं. पहिल्या अल्बमच्या साजाचं कौतुक करणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण सुरुवातीला तो अल्बम कुणाला सुचवणारही नाही.

१९६९चा अल्बम आटोपशीर आहे. दहा गाणी, साधारण ३५ मिनिटं. मुखपृष्ठावर टाउन्स स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मान खाली घालून बसलेला. साज आहे, पण आवाजाच्या मागे राहतो आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. आपल्यासारख्यांना याचं महत्त्व जास्त. टेक्ससचे उच्चार आपल्या कानाला सरावाचे नाहीत आणि टाउन्सच्या गाण्यात सगळा जीव शब्दांत असतो. चाली साध्या, गळा मर्यादित, कसरती नाहीत. ओळ निसटली की गाणंच निसटतं. ‘नन बट द रेन’सारखं संपत आलेल्या प्रेमाचं गाणं किंवा ‘कोलोरॅडो गर्ल’ इथे पहिल्याच ऐकण्यात हाती लागतं. या अल्बमवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे काही ठिकाणी साज त्या काळाचा, थोडा जुनाट वाटतो. खरं आहे. मला त्याचा त्रास होत नाही, पण तुम्हाला साठच्या दशकातल्या त्या मऊ, गोडसर वाद्यमेळाची मुळात ॲलर्जी असेल तर होईल.

‘ओल्ड क्वार्टर’ हा ह्यूस्टनमधला एक लहानसा बार होता. जुलै १९७३मध्ये तिथे झालेल्या कार्यक्रमांचं हे ध्वनिमुद्रण बाजारात यायला १९७७ उजाडलं. दोन तबकड्या, २६ गाणी, ऐकायला दीड तास तरी हवा. टेक्ससचा जुलै, खच्चून भरलेली खोली आणि समोर एकटा माणूस. बारच्या मालकाच्या घोषणेने सुरुवात होते, मग टाउन्स इथली शांतता पाहून चकित झाल्यासारखं काहीतरी बोलतो आणि थेट ‘पँचो अँड लेफ्टी’ सुरू करतो. मधूनमधून विनोद, गप्पा, ग्लासांचे आवाज. ‘रेक्सेस ब्लूज’ हे गाणं ज्या रेक्स बेलच्या नावाचं आहे, तो या बारचा भागीदार आणि टाउन्सचा बेसवादक मित्र. म्हणजे समोरचं पब्लिक घरचंच. ‘लोरेटा’, ‘नो प्लेस टू फॉल’ आणि हे ‘रेक्सेस ब्लूज’ स्टुडिओत होऊन अल्बमवर आले ते १९७८ साली, इथे ती आधीच तयार आहेत.

‘फॉर द सेक ऑफ द साँग’, ‘वेटिंग अराउंड टू डाय’, ‘डोन्ट यू टेक इट टू बॅड’ आणि ‘लंग्स’ ही चार गाणी दोन्हीकडे आहेत. निवड करायची तर हीच लागोपाठ लावून पाहा.

‘वेटिंग अराउंड टू डाय’मध्ये फरक सर्वांत ठळक. बापाने आईला मारलेलं पाहिलेला मुलगा, पुढे भटकंती, दारू, फसवून गेलेली बाई, तुरुंग आणि शेवटी भेटलेला ‘मित्र’, ज्याचं नाव कोडीन, म्हणजे नशा आणणारं वेदनाशामक औषध. टाउन्सच्या सांगण्याप्रमाणे हे त्याचं पहिलं गंभीर गाणं. स्टुडिओत ते गोष्टीसारखं वाटतं, म्हणजे पात्र वेगळं आणि गाणारा वेगळा. ओल्ड क्वार्टरमध्ये हे अंतर उरत नाही. इथे बहुमताला माझं शंभर टक्के मत. ‘लंग्स’मध्ये मात्र मला स्टुडिओच सरस वाटतं. त्या गाण्यातली धाप तिथे चांगली पकडली आहे आणि बारमध्ये ते कार्यक्रमाच्या शेवटाकडे येतं, तोवर ऐकणारा थकलेला असतो.

आणि हीच ‘ओल्ड क्वार्टर’बद्दलची माझी तक्रार. ते आधी ऐका म्हणणाऱ्यांना ही गाणी पाठ असतात. आपल्याकडे कंपनीची रेकॉर्ड चांगली की खासगी बैठकीची टेप हा वाद शास्त्रीय संगीतवाल्यांत जुना आहे, आणि टेपच्या बाजूने बोलणाऱ्यांनी बहुधा रेकॉर्ड आधी शंभरदा ऐकलेली असते, त्यातली गत. एकाच गिटारवरची २६ गाणी, बरीचशी एकाच संथ लयीतली, अनोळखी माणसाला सहाव्या-सातव्या गाण्यानंतर सारखीच वाटू लागतात. ‘फार एकसुरी’ असं म्हणून अर्ध्यावर सोडून देणारे श्रोते आहेत आणि त्यांना अरसिक ठरवायचं कारण नाही.

टाउन्सची गाणी फारच दुःखी, हा आक्षेप मात्र ओल्ड क्वार्टरला कमी लागू होतो. १९६९च्या अल्बममध्ये उसंतच नाही. बारमध्ये ‘फ्रॅटर्निटी ब्लूज’ आणि ‘टॉकिंग थंडरबर्ड ब्लूज’सारखी बोलत बोलत म्हटलेली चेष्टेची गाणी आहेत, बो डिडली आणि लाइटनिंग हॉपकिन्स या जुन्या ब्लूज-रॉक गायकांकडून घेतलेली गाणी आहेत. टाउन्स मिश्कील होता हे स्टुडिओ अल्बमवरून कळतच नाही. त्याच बारमध्ये तरुण स्टीव्ह अर्ल, पुढे स्वतः नावाजलेला गायक-गीतकार, गात असताना टाउन्स खाली बसून त्याला छळत होता. शेवटी अर्लने टाउन्सचंच ‘मिस्टर मड अँड मिस्टर गोल्ड’ गाऊन त्याला गप्प केलं, हा किस्सा अर्लच सांगतो. पत्त्यांच्या डावावरचं ते शब्दांनी गच्च भरलेलं गाणं या अल्बमवर दुसरंच आहे. ते एका दमात पाठ म्हणणं म्हणजे काय, ते ऐकल्यावरच कळेल.

तर निवड अशी. इंग्रजी गाण्यांचे शब्द कानांनी पकडायला वेळ लागत असेल किंवा लोक-कंट्री प्रकार नवा असेल, तर १९६९चा अल्बम घ्या आणि हेडफोन लावून ऐका. नुसत्या गिटारवर गाणाऱ्यांची सवय असेल किंवा ‘इफ आय नीडेड यू’ आणि ‘पँचो’ हवीच असतील, तर ओल्ड क्वार्टर घ्या, कारण ही दोन्ही गाणी १९६९च्या अल्बमवर नाहीत. तबकडी विकत घ्यायची आणि एकच परवडणार असेल तरीही ओल्ड क्वार्टरच. तिथे माल जास्त आहे, फक्त चार बैठकांत वाटून ऐका.

दोन्हींत अडकायचं नसेल, तर ‘हार्टवॉर्न हायवेज’ या माहितीपटातला स्वयंपाकघरातला प्रसंग शोधा. टाउन्स तिथे ‘वेटिंग अराउंड टू डाय’ गातो आणि मागे बसलेले वयस्क लोहार सेमूर वॉशिंग्टन यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. ते पाहून काहीच वाटलं नाही, तर दोन्ही अल्बमांचे पैसे वाचले.