चौतीस हजार तीनशे रुपयांचा पिकअप

गाडीची ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याच्या खिशात माझे एकूण ३४,३०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी अजून २२,५०० एवढाच माहीत आहे.

गाडी २०११ ची स्विफ्ट डिझायर, डिझेल, १,४६,००० किलोमीटर झालेली. आम्ही साताऱ्याचे. महिन्यातून तीन-चारदा पुण्याला जाणं होतं आणि परत येताना खंबाटकी चढायला लागलो की गाडीचा दम निघायचा. तिसऱ्या गिअरला आणून पॅडल पार तळाला नेलं तरी पुढचा कंटेनर काही मागे पडायचा नाही. मागून लोक हॉर्न मारणार, शेजारून बायको म्हणणार, "अहो, राहू द्या ना." नवी गाडी घ्यायची तर दहा लाख, आणि मुलगी यंदा बारावीला. पंचवीस हजारांत इंजिनात जान येत असेल तर कोण नाही म्हणेल? मला रेस लावायची नव्हती, फक्त कंटेनर ओलांडायचा होता.

मेव्हण्याच्या मित्राने पुण्यातल्या बायपासलगतच्या एका गॅरेजचं नाव दिलं. ते इथे लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय. काचेची केबिन, एसी, भिंतीवर ग्राफ लावलेले. मालक पस्तिशीचा, बोलायला लोण्यासारखा. "सर, तुमचं इंजिन आणि एसएक्स फोर डिझेलचं इंजिन एकच. तेच १२४८ सीसी. तिकडे ९० पीएस, तुमच्याकडे ७५. सगळा खेळ प्रोग्रॅमचा आहे. कंपनीने दाबून ठेवलंय, आपण मोकळं करायचं."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तर मी गळाला लागलो. ७५ आणि ९० पीएस (पीएस हे ताकदीचं माप) हे आकडे खरे, सीसी खरी, इंजिनही त्याच घराण्यातलं. पण एसएक्स फोरचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती वेगाप्रमाणे फिरणारा. माझा साधा, फिक्स. ताकदीतला फरक लोखंडात आहे, नुसत्या प्रोग्रॅममध्ये नाही. हे मला दोन महिन्यांनी आमच्या इथल्या मिस्त्रीने सांगितलं. त्या दिवशी मी केबिनमध्ये मान डोलवत बसलो होतो.

रीमॅप, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदलणं, ही भानगडच खोटी असं मी म्हणत नाही. टर्बो डिझेलमध्ये चांगला ट्यूनर खरोखर फरक पाडतो, तशी माणसं आहेत. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोलला तेवढा फरक पडत नाही, तिथे कोणी वीस टक्के वाढ बोलला तर किल्ली फिरवा आणि घरी या.

रीमॅपचे २२,५०० ठरले. त्यातले ५,००० टोकन यूपीआयने आणि १७,५०० गाडी लावल्यावर. मग "नुसता रीमॅप करून उपयोग नाही, श्वास मोकळा पाहिजे" म्हणून एअर फिल्टरचे ४,८०० आणि आधी-नंतरच्या डायनो टेस्टचे (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजतात ती) ३,००० घेतले. सगळं त्या एका दुपारी. गाडी आत गेली, शटर अर्धं खाली आलं. मी म्हटलं, बघू का जरा? "सर, आत इन्शुरन्सवाले परवानगी देत नाहीत." चहा आला. पाठोपाठ दुसराही आला.

आणि मग तो कागद आला.

हा कागद या क्षणी माझ्यासमोर टेबलावर आहे. मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं व्हाउचर तपासतो. खाडाखोड, चुकलेली बेरीज, एकाच पेनाने केलेल्या दोन सह्या माझ्या नजरेतून सुटत नाहीत, शाखेत त्यासाठी माझं नाव आहे. आणि हा कागद मी हातात घेतला, दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

त्यावर दोन रेषा आहेत. खालची 'आधी'ची, ७५.० वर टेकलेली. बरोब्बर पंच्याहत्तर पूर्णांक शून्य. दीड लाख किलोमीटरला आलेली गाडी, रोलरवर चाकांची ताकद मोजतात, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये दहा-पंधरा टक्के आधीच जातात, आणि आकडा छापील माहितीपत्रकातला! एखादा खातेदार दर महिन्याला पैसा न पैसा जुळलेला हिशोब घेऊन आला तर मी त्याला आधी खुर्चीवर बसवून विचारलं असतं.

वरची रेषा 'नंतर'ची, ९८.४. तिचं टोक ६,२०० आरपीएमवर आहे. ६,२००! माझ्या इंजिनाची कमाल ताकद ४,००० ला येते. डिझेल गाडी सहा हजाराच्या वर ताकद वाढवत नेते, असं आठवीतलं पोरही मानणार नाही. तो कुठल्यातरी पेट्रोल गाडीचा ग्राफ होता, वर माझा गाडी नंबर टाइप केलेला. आणि खरी लाज ही, की तो ६,२०० मी पाहिला होता. पाहून वाटलं, वा, बराच वर गेला की! मालकाला म्हणालोसुद्धा. तो हसला. ते हसणं मला रात्री-अपरात्री आठवतं.

तुम्ही म्हणाल, गाडी चालवून बघितली नाही का? बघितली ना, तिथेच तर मेख आहे. गॅरेजच्या बाहेर पडलो, पॅडलला बोट लावलं आणि गाडीने उडी मारली. देवाशपथ सांगतो, उडीच मारली. कात्रजपर्यंत मी एकटाच हसत होतो. खंबाटकीला पॅडल पूर्ण दाबलं तर गाडी होती तशीच, तोच कंटेनर, तेच हॉर्न. फोन केला तर म्हणे, "इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, शिकायला आठवडा घेतो, सर." आठवड्याने म्हणे इंजेक्टरचं कोडिंग करावं लागेल, ९,००० होतील. मी घासाघीस करून ४,००० वर आणलं आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. चोराशी घासाघीस करून खूश झालेला माणूस पाहायचा असेल तर मला येऊन भेटा.

शेवटी आमच्या मिस्त्रीकडे गेलो. तो डॅशखाली उताणा शिरला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "दादा, हे काय बसवलंय?" पॅडलच्या सेन्सरच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा काळा डबा होता, लेबल खरवडून काढलेलं. तो पॅडल थोडं दाबलं की इंजिनाला जास्त दाबल्याचं सांगतो. निम्म्या पॅडलला पाऊण ताकद, पूर्ण पॅडलला मात्र जेवढी होती तेवढीच. इंजिनाला कोणी हातही लावला नव्हता. तसले डबे ऑनलाइनही मिळतात. दुसऱ्या ट्यूनरकडे १,५०० देऊन इसीयू वाचून घेतला, आतली फाइल कंपनीची जशीच्या तशी निघाली. आणि खंबाटकीचं खरं दुखणं? टर्बोच्या होज पाइपला उभी चीर होती, दाब बाहेर जात होता. मजुरीसकट १,४५० रुपये. त्याआधी डिझेल फिल्टर तरी कधी बदलला होता, मलाच आठवेना. जुनी गाडी ट्यून करायला नेण्याआधी होज, फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासून घ्या, इंजेक्टरचं लीक-ऑफ, म्हणजे त्यातून परत जाणारं डिझेल, बघून घ्या. निम्म्या लोकांना पुढे काही लागणारच नाही.

आता सरकारी प्रवास. गॅरेजच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकड्यावर. हवालदार म्हणाले, "बिल दाखवा." बिल नव्हतं, 'कोटेशन' लिहिलेला कागद होता, त्यावर ना जीएसटी नंबर ना शिक्का. "मग हे दिवाणी झालं." मी म्हटलं, खोटा ग्राफ दाखवून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "गाडीत बदल कुणी करायला सांगितला? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितेय? ५,००० दंड मालकाला बसतो." फिर्यादी मी आणि घाम मलाच! साताऱ्यात आलो तर इथले म्हणे गुन्हा पुण्यात घडला, तिकडे जा. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो हे नव्या कायद्यात स्पष्ट आहे, मी छापून नेलं होतं. साहेब बंदोबस्ताला गेले होते. पुढच्या वेळी गेलो, साहेब कोर्टात. तिसऱ्यांदा साहेब होते, पण प्रिंटर बंद होता. १९३० ला फोन केला तर तो सायबर गुन्ह्यांसाठी, मी तर पिन स्वतःच्या हाताने टाकलेला. बँकेने तेच ऐकवलं, वर 'आपला अनुभव कसा वाटला' म्हणून मेसेज पाठवला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पंधरा दिवसांनी 'बंद' असा मेसेज आला. काय बंद झालं, कुणी बंद केलं, पत्ता नाही.

ग्राहक आयोगाचं दार तेवढं उघडं दिसतंय. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते. वकिलांची नोटीस २,५०० ला गेली, ती वरच्या ३४,३०० मध्ये धरलेली नाही. यूपीआयच्या शेऱ्यात 'रीमॅप' एवढा एक शब्द टाकला असता तर आज कामाला आला असता. मी टाकला नव्हता. तुम्ही टाका. पक्कं बिल मागा, देत नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. शटर खाली जात असेल तर गाडी बाहेर काढा. डायनो समोर चालवून दाखवायला सांगा आणि मोबाइलवर शूटिंग करा. इसीयूची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आणि तीही दुसरीकडे तपासा.

तो काळा डबा अजून गाडीतच आहे. वकील म्हणतात पुरावा आहे, आयोगाने तज्ज्ञ नेमेपर्यंत हलवायचा नाही. रोज सकाळी पतसंस्थेच्या गेटातून निघताना पॅडलला बोट लागतं आणि गाडी उडी मारते. वॉचमन म्हणतो, "साहेब, गाडी लई पळते हो तुमची."