ठळक छापलेला आकडा आणि साधा छापलेला आकडा: सांगलीतील एका घरपोच रक्ततपासणी सेवेचा अनुभव

विश्रामबाग परिसरातील एका प्रयोगशाळेची घरी येऊन रक्त नेण्याची सेवा आम्ही गेले चौदा महिने माझ्या सासऱ्यांसाठी वापरत आहोत. त्यांचे वय 78, हृदयविकार जुना, रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या दोन्ही गोळ्या रोजच्या. या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकते आणि मूत्रपिंडाच्या कामावरही परिणाम होऊ शकतो. त्यामुळे सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा आकडा) दर महिन्या-दोन महिन्यांनी पाहावेच लागते. मी स्वतः मिरजेत सोळा वर्षे वॉर्डात परिचारिका होते, म्हणून हे परीक्षण सोयीपेक्षा रिपोर्टच्या विश्वासार्हतेकडे अधिक पाहून लिहिले आहे. प्रयोगशाळेचे नाव देत नाही. ज्या त्रुटी पुढे येतील त्या केवळ तिच्याच असतील असे मला वाटत नाही.

आधी जमेची बाजू. रक्त नेणारा मुलगा सांगितलेल्या वेळी येतो, रुग्णाचे पूर्ण नाव रुग्णाकडूनच वदवून घेतो आणि नळीवरची चिठ्ठी रक्त काढल्यावर तिथेच, खाटेशेजारी उभा राहून चिकटवतो. हे क्षुल्लक वाटेल, पण गाडीवर बसून चार घरच्या नळ्यांना एकदम चिठ्ठ्या लावणारेही मी पाहिले आहेत. पिवळ्या झाकणाची नळी आधी आणि जांभळ्या झाकणाची नंतर, हा क्रमही तो पाळतो. जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते आणि ते बहुधा पोटॅशियमचाच क्षार असते. त्याचा अंश पिवळ्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. साखरेसाठी तो करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी वेगळी भरतो, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात आणि दर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. कुपवाड, माधवनगर अशी फेरी करून नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दोन तास सहज जातात, तेव्हा हा फरक लहान राहत नाही.

तक्रार आहे ती फेब्रुवारीतल्या एका सकाळची. नेहमीच्या मुलाऐवजी नवा मुलगा आला होता. सासऱ्यांची शीर पटकन सापडेना, तेव्हा दंडाला पट्टा बांधून ठेवत तो म्हणाला, "आजोबा, मूठ उघडा, मिटा, अजून एकदा." पट्टा तीन मिनिटे तरी बांधलेला होता, तो एक मिनिटाच्या आत सोडावा असा नियम आहे. मग सिरिंजने जोर लावून ओढलेले रक्त त्याने सुईतूनच दाबून नळीत सोडले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते आणि बोलले नाही, ही चूक माझी. दुपारी तीनला मोबाइलवर रिपोर्ट आला: पोटॅशियम 6.4, ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण.

पोटॅशियमची सामान्य मर्यादा साधारण 3.5 ते 5.0 आणि साडेसहाच्या आसपास हृदयाची लय बिघडण्याची भीती खरी. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या माणसाचा हा आकडा खोटाच असेल असे घरी बसून कोणालाही म्हणता येत नाही. आम्ही रिक्षा करून त्यांना मिरजेला नेले. ईसीजी नेहमीसारखा होता, आणि पट्टा न बांधता पुन्हा काढलेल्या रक्तात पोटॅशियम 4.6 आले. मूठ आवळल्याने स्नायूंतून आणि सुईतून दाबल्याने फुटलेल्या लाल पेशींतून पोटॅशियम बाहेर आले होते, दुसरे काही नाही. प्रयोगशाळेत चौकशी केली तेव्हा नमुना गुलाबी दिसत होता हे मान्य झाले. रिपोर्टवर तशी नोंद करायची राहून गेली, असे उत्तर मिळाले. मला राग आला तो दोन गोष्टींचा. नमुना हेमोलाइज झाल्याची, म्हणजे त्यातील लाल पेशी फुटल्याची, एक ओळ तिथे नव्हती, आणि खरोखर धोकादायक मानलेला आकडा कोणी फोन न करता नुसता मोबाइलवर टाकला. अशा आकड्यासाठी फोन करून, ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घेण्याची पद्धत वॉर्डात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

याच प्रयोगशाळेने जुलैमध्ये मात्र आमचे भले केले. सासऱ्यांना दोन दिवस जुलाब झाले होते. क्रिएटिनिन 1.2 आले, पुरुषांसाठी छापलेली मर्यादा 0.7 ते 1.3, म्हणून आकडा साध्या अक्षरांत, बाण नाही. पण हे लोक मागच्या तीन तपासण्यांचे आकडे शेजारी छापतात, आणि तिथे तिन्ही वेळा 0.8 होते. म्हणजे मर्यादेत राहूनच क्रिएटिनिन दीडपट झाले होते. तो रकाना दाखवताच डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दोन्ही गोळ्या काही दिवसांसाठी थांबवल्या. या एका रकान्यासाठी मी वर्षभराचे घरपोच शुल्क आनंदाने देईन.

छापलेल्या मर्यादांबद्दलही लिहिले पाहिजे. सामान्य मर्यादा बहुतेक वेळा निरोगी माणसांतील मधल्या 95 टक्के आकड्यांवरून ठरवतात. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसे ठळक अक्षरांत जाणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. इथले मोठे पॅकेज घेऊन घाबरलेले दोन शेजारी माझ्याकडे येऊन गेले आहेत. शिवाय सर्व स्त्रियांना हिमोग्लोबिनची एकच मर्यादा, 12 ते 15, छापली जाते. समोरच्या घरातील गरोदर सुनेचा 11.2 हा आकडा त्यामुळे ठळक झाला, जेव्हा गरोदरपणात 11 च्या खाली गेल्यावर रक्तक्षय म्हणतात. प्लेटलेट हजारांत छापतात, हेही डेंग्यूच्या दिवसांत गोंधळाचे ठरते: 180 वाचून घरचे लोक हादरतात, आणि तो आकडा 1.8 लाख, म्हणजे ठीक, हे कोणीतरी सांगावे लागते.

पाचपैकी साडेतीन गुण देते. फेब्रुवारीनंतर एकदा सोडियम 126, म्हणजे बरेच कमी, आले तेव्हा रिपोर्ट येण्याआधी त्यांचा फोन आला, हे नमूद करायलाच हवे. नोंदणी करताना मी आता पोटॅशियम आहे असे सांगून जुनाच मुलगा मागते. दोनदा तो मिळाला. गेल्या महिन्यात मिळाला नाही, तेव्हा आलेल्या मुलाला चहा देऊन परत पाठवले आणि सासऱ्यांना घेऊन स्वतःच प्रयोगशाळेत गेले.