टेरिटोरियल आर्मीत जाणाऱ्या सरकारी नोकरदाराचं कायदेशीर कवच: पाचपैकी साडेतीन तारे

जिल्हाधिकारी कार्यालयातली किंवा महापालिकेतली नोकरी न सोडता पुण्याच्याच १०१ इन्फंट्री बटालियनमध्ये (मराठा लाइट इन्फंट्री; टीए म्हणजे टेरिटोरियल आर्मी, नोकरी सांभाळून सेवा देणाऱ्यांचं लष्कराचं अर्धवेळ दल) वर्दी चढवता येते. अशा माणसाची नोकरी राखण्याची हमी १९४८ चा टेरिटोरियल आर्मी कायदा देतो. मे २०२५ मध्ये केंद्राने टीएच्या ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन पाचारण करायला, म्हणजे प्रत्यक्ष सेवेवर बोलवायला मंजुरी दिली, तैनातीच्या यादीत लष्कराचं दक्षिण कमांडही होतं. तेव्हा ही हमी कुठवर पुरते, हे आधीच पाहून ठेवलेलं बरं.

सर्वांत भक्कम आहे कलम ७अ. लागेल तेवढी रजा द्यायची आणि सेवा संपल्यावर परत घ्यायचं, तेही नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी लागू झाल्या असत्या त्याहून कमी नसलेल्या अटींवर. पाचारणाचा आदेश निघाल्यावर कुणी कामावरून काढलं, तर ते जबाबदारी टाळण्यासाठीच असं कायदा धरून चालतो. ही तरतूद फार मोलाची आहे.

तारे कापले ते दंडासाठी. परत घेण्याचा आदेश मोडला तर दंड जास्तीत जास्त १००० रुपये, आणि भरपाई फार तर सहा महिन्यांच्या वेतनाइतकी. हजार रुपयांची धास्ती आज कोण घेणार? हा आकडा बदलायलाच हवा. मुदतही कडक आहे: सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत अर्ज केला नाही, तर तोच मालकाचा बचाव ठरतो. अर्ज आवक शाखेत द्या आणि पोच प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. तोंडी कळवलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

कलम ७ब भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्ती निधीतले हक्क राखतं, पण गोंधळ होतो तो इथेच. पगार युनिटकडून सुरू झाला की राज्याच्या कर्मचाऱ्याचं सेवार्थ या सरकारी वेतनप्रणालीतलं बिल थांबतं. त्याबरोबर एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेची कपात (कर्मचाऱ्याचे १० टक्के, सरकारचे १४), गट विम्याची वर्गणी आणि पतसंस्थेचा हप्ताही अडकतो. हप्ता थकला की नोटीस थेट जामीनदाराच्या घरी जाते, म्हणून पतसंस्थेला आधीच लेखी कळवून बँकेतून हप्ता वळता करून घ्यावा. निघताना पाचारण आदेशाची प्रत, कार्यमुक्ती आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र सोबत हवं, आणि त्या प्रमाणपत्रात प्रत्येक चालू कपात रकमेसह लिहिलेली हवी. एनपीएसचा उतारा दर तिमाहीला तपासा, रिकामा महिना दिसला की आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्याला) पत्र द्या.

परतल्यावर युनिटचं सेवा प्रमाणपत्र जोडून सेवापुस्तकात तारखांसह नोंद करून घ्यावी आणि ती स्वतः वाचावी. लिपिकाने सवयीने ‘असाधारण रजा’ (बिनपगारी रजा) लिहून टाकलं, तर वेतनवाढ पुढे ढकलली जाऊ शकते आणि पेन्शनपात्र सेवेचा हिशेबही बिघडतो. त्या महिन्यात ही चूक एका अर्जाने सुटते. निवृत्तीच्या वेळी मात्र जुना आदेश शोधत दोन्हीकडच्या कार्यालयांत खेटे घालावे लागतात.