तीर्थनला जाताना: ताणलेली दोरी की तरंगता फुगा?

घोडबंदर रोडवरचा आमचा शेजारी मार्चअखेरीस हिमाचलात, तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला निघालाय. निम्फ, म्हणजे पाणकिड्यासारखा बांधलेला गळ, दोरी ताणून खेळवायचा की फुग्याखाली, म्हणजे दोरीला लावलेल्या छोट्या तरंगाखाली सोडायचा, यावर त्याचं अडलंय.

खर्चात फुगा स्वस्त. ९ फुटी, ५ नंबरची (हा दोरीच्या वजनाचा क्रमांक) नेहमीची काठी पुरते. ताणलेल्या दोरीला १० ते ११ फुटी, नाजूक टोकाची काठी हवी.

खरा फरक खडकाळ धारेत. थंड पाण्यात ट्राउट तळाशी, धोंड्यांच्या आडोशाला थांबतो. वरचं पाणी पळतं, तळाचं संथ असतं. फुगा वरच्या पाण्याबरोबर धावतो आणि निम्फला ओढत नेतो. ताणलेली दोरी वरच्या पाण्याला जवळपास टेकतच नाही. माशाने नुसतं तोंड लावलं तरी बोटांना कळतं. मात्र हात भरून येतो आणि निसरड्या गोट्यांवर, गुडघाभर गार पाण्यात उभं राहावं लागतं.

काठावरूनच टाकायचं असेल, डोह लांब असेल किंवा वारा सुटला असेल तर फुगा. निम्फ फुग्यापासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधायचा. धारेत उतरायची तयारी असेल तर ताणलेली दोरी, माझा कौल तिलाच. तोवर सोसायटीच्या गच्चीवर रोज हात बसवून घ्यावा.