सायकलला बसवलेलं टू-स्ट्रोक इंजिन किट: आठ महिन्यांनंतर

दिवाळीच्या आधी हे किट मागवलं तेव्हा बायको म्हणाली, "त्यापेक्षा जुनी मोपेड घ्या की सरळ." तिचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. पण मी इचलकरंजीत मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. नट-बोल्ट दिसले की हात शिवशिवतात.

वापर एवढाच: वस्तीपासून नदीकाठच्या मोटरीपर्यंत अडीच किलोमीटर, भावकीच्या रानातून जाणारी गाडीवाट. शेतीची लाईट रात्रीची येते आणि अकरा वाजता पायडल मारायचा कंटाळा येतो, हे खरं कारण. डांबरीवर ही सायकल मी काढत नाही. मोटार वाहन कायद्यातून २५ सीसीपर्यंतचं इंजिन बसवलेली दुचाकी सुटते, हे त्याच्या अडीचपट. बाजाराला जायला गाडी हवी असेल त्यांनी इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल.

खोक्यावर ८० सीसी लिहिलंय. हेड उघडून व्हर्नियर लावला: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ३८ मिमी. हिशोब केला तर ६६ सीसी भरतात. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पण खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

बसवायला दोन रविवार गेले, त्यातला एक नुसता मागच्या चाकापायी. आधी वडिलांची २८ इंची काळी सायकल घेतली होती. या किटचं मोठं ४४ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाच्या चेनचं दातेरी चाक, थेट स्पोकवर बसतं. आतून-बाहेरून रबराच्या चकत्या, मध्ये स्पोक, आणि नऊ बोल्टांनी आवळायचं. दर चार स्पोकांमागे एक बोल्ट, म्हणजे चाक ३६ स्पोकचं लागतं. तासभर झटापट केली, बोल्ट काही केल्या सारख्या अंतरावर येईनात. मग मोजले. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात! सूचनापत्रात याचा एक शब्द नाही. शेवटी पोराची पडून असलेली २६ इंची, लोखंडी फ्रेमची सायकल काढली. तिचं चाक ३६ स्पोकचं, आणि पुढची तिरकी नळी बारीक असल्यामुळे इंजिनाचा क्लँप सरळ बसला. जाड नळीची सायकल असेल तर तिथं वेगळी पट्टी करून घ्यावी लागेल.

स्प्रॉकेट आवळताना चाक उलटं ठेवून दातांजवळ खडू धरला आणि फिरवलं. जिथं खडू लागेल तिथला बोल्ट थोडा आवळायचा, समोरचा थोडा सैल करायचा. यात घाई केली की चेन उतरते. चेन ताणायची रोलरची पट्टी मात्र सरळ भंगारात टाका. पहिल्याच आठवड्यात ती फ्रेमवर फिरून स्पोकात घुसली, चार स्पोक तुटले. हळू होतो म्हणून तोंडावर आपटलो नाही. चेनचे कडे कमी करून, चाक मागं ओढून ताण आणला. तेव्हापासून रोलरशिवायच चालतंय.

वायरिंग सोपं. निळी निळीला, काळी काळीला. पांढरी वायर दिव्यासाठी म्हणून जोडली, तर ठिणगीच मरतुकडी झाली. टेप गुंडाळून ठेवून दिली.

नवं इंजिन रुळेपर्यंत, पहिल्या तीन-चार लिटर पेट्रोलमध्ये लिटरला ६० मिली टू-टी ऑइल घातलं, नंतर ४० मिली. पंपावर ४० मिलीची पुडी मिळते, त्यामुळे मापाची कटकट नाही.

आता मुख्य दुखणं. संक्रांतीनंतर एक दिवस ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन रेसच होत राहिलं. किलस्विच दाबूनच बंद केलं. प्लग काढला तर टोक पांढरंफटक, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. माझं डोकं साहजिकच कार्बोरेटरकडे गेलं. जेट साफ केला, सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, केबल नवी टाकली. चार दिवस यातच गेले. फरक शून्य.

पाचव्या दिवशी इंजिन चालू ठेवून, कार्बोरेटरचा पाइप सिलिंडरला जिथं मिळतो त्या सांध्यावर ग्रीसचं बोट फिरवलं. वरच्या बाजूला काही नाही. खालच्या कोपऱ्यात बोट गेलं आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला, टकटक टकटक, जसा पहिल्या महिन्यात होता तसा. हवा तिथून घेत होतं. पाइप काढून बघितला तर त्याचा चेहराच वाकडा, पॅकिंग एका कडेला नुसतं अंगावर टेकलेलं. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून अर्धा तास घासला, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. जाड पॅकिंग कागद कापून घातला, नट दोन्हीकडून थोडे थोडे आवळले. आता प्लग चहाच्या रंगाचा येतो. कार्बोरेटर खोलण्याआधी हा सांधा बघा, माझे चार दिवस वाया गेले.

बाकी किरकोळ. सायलेन्सरचे ६ मिमी स्टड दोनदा तुटले, गावातल्या दुकानातले चांगल्या प्रतीचे घातल्यावर थांबले. धक्क्यांनी सगळंच सैल होतं, त्यामुळे दर आठवड्याला पाना फिरवायचाच. पहिल्या पावसात मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करतो त्या भागाच्या) झाकणात पाणी गेलं आणि भर चिखलात पायडल मारत घरी आलो. वायर बाहेर येते तिथं सिलिकॉन लावलंय, अजून तरी टिकलंय. इथेनॉलच्या पेट्रोलनं टाकीकडून येणारा मूळ पाइप कडक पडला, तो बदलला. रात्री लावताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू देतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये शिळं पेट्रोल राहत नाही.

आतापर्यंत अकराशे किलोमीटर झालेत. लिटरला चाळीस-बेचाळीस पडतात. विक्रेत्याला वाकड्या पाइपाचा फोटो पाठवला होता, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

परवा चुलतभाऊ आला, त्यालाही असंच करायचंय म्हणे. त्याला म्हटलं, आधी घरी जाऊन मागच्या चाकाचे स्पोक मोज आणि मग फोन कर.