२००२ सालची म्हणून घेतलेली शॅम्पेन

आमचं लग्न २००२ सालचं. शॅम्पेनसाठी ते वर्ष फार चांगलं मानतात. पॅरिसला राहायला आल्यापासून मनात होतं, लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला त्याच सालची बाटली उघडायची. शॅम्पेन जिथे बनते त्या एपर्ने गावातल्या एका तळघरात आम्ही अशी जुनी शॅम्पेन चाखली होती. सोनेरी रंग, अगदी बारीक बुडबुडे, भाजलेल्या बदामाचा नि लोणी लावून शेकलेल्या पावाचा वास, मागून मध. कितीतरी वेळ ती जिभेवर रेंगाळली.

रविवारच्या जुन्या बाजारात एका गृहस्थांकडे २००२ ची बाटली दिसली. आजोबांच्या तळघरात दहा-बारा वर्षं पडून होती म्हणाले. १८० युरो, फक्त रोख. लेबलावर बुरशीचे डाग होते, त्यामुळे मला उलट खात्रीच वाटली. पावती मागायचा संकोच केला, तिथेच चुकले. लग्नाच्या सालाची बाटली शोधणारं माणूस हळवं झालेलं असतं आणि विकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

वाढदिवसाला वरचा सोनेरी कागद सोलला, तर तारेच्या जाळीवरच्या चकतीवर भलत्याच कंपनीचं नाव. नवरा म्हणाला, "थांब, बूच बघू." बूच निघालं आणि खालून घागऱ्यासारखं फुललं. वर्षानुवर्षं मानेत दबलेलं बूच असं फुलत नाही, आखडलेलं, सरळ निघतं. त्यावर फक्त 'शॅम्पेन' छापलेलं, साल कुठेच नाही. सालाची शॅम्पेन, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, असेल तर बुचाच्या मानेत राहणाऱ्या भागावर ते साल असावंच लागतं, असा शॅम्पेनचा नियम आहे.

घोट घेतला. हिरवं सफरचंद, लिंबू, भराभर उडणारे मोठे बुडबुडे. बदाम नाही, मध नाही. वाईट नव्हती, पण ती साधी होती, बाटलीत भरल्यावर १५ महिन्यांत विकता येते तसली. सालाच्या शॅम्पेनला किमान तीन वर्षं ठेवावं लागतं. फरक किमतीत असतो तो यामुळे. साध्या बाटलीवर दुसरं लेबल चिकटवलं की काम झालं.

पुढच्या रविवारी गेलो, तर त्या जागी जुनी घड्याळं मांडलेली. हातात पावती नाही, तक्रार कुणाची करणार?

बाटली विकत घेताना बूच दिसत नाही. म्हणून मानेवरचा कागद सुरकुतलेला, पुन्हा चिकटवल्यासारखा वाटला तर बाटली खाली ठेवा. पावतीवर साल आणि विकणाऱ्याचं नाव लिहून घ्या. लिहून द्यायला कां कूं केली, तर पैसे काढू नका.